मे महिन्यात पुण्याहून नागपूरला गाडीने, सोबत गिनीपिग, बजरीगर आणि हॅमस्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची बदली नागपूरला झाली आहे, सामान ट्रकने जाणार आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही चौघं स्वतःच्या गाडीने निघणार. सोबत दोन गिनीपिग माद्या, बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी आणि मुलीचा हॅमस्टर. पेट शॉपवाल्याने सांगितलंय की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा आणि निघताना झोपेचं औषध द्या. 'एका दमात जाऊ की मुक्काम करू?' असंही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की सासूबाईंचं 'पाठीवर चांदण्या असलेलं' एक छोटं कासवही आहे.

मी पुण्यात पशुवैद्य आहे. कुत्री-मांजरं बघतेच, पण माझ्याकडे निम्म्याहून अधिक गर्दी पक्ष्यांची आणि या छोट्या प्राण्यांची असते.

आधी कासवाचं बोलू. वर्णनावरून ते स्टार कासव दिसतंय. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतं, म्हणजे वाघाच्या पंगतीला. घरी ठेवणं हाच गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेलं असो, भेट आलेलं असो की वास्तूसाठी ठेवलेलं असो. दोष सिद्ध झाला तर शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. त्याला नागपूरला न्यायचा प्रश्नच नाही. निघण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. परस्पर एखाद्या तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. हे कोरड्या माळरानावरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, पण हे बोलणं आजच करा.

बाकीच्या तिघांना कायद्याची आडकाठी नाही. गिनीपिग, हॅमस्टर आणि बजरीगर हे वन्यजीव कायद्याच्या कुठल्याच यादीत येत नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे आफ्रिकन ग्रे किंवा सन कोन्युअर जातीचा पोपट किंवा इग्वाना हा मोठा सरडा असेल, तर त्यांची गोष्ट वेगळी. 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते आणि त्या कागदाची प्रत गाडीत ठेवावी. तुम्ही हवं तर डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला घ्या. टोलनाक्यावर तो कोणी मागत नाही, पण त्या निमित्ताने प्रवासाआधी तपासणी होते, हा खरा फायदा.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला सातशे किलोमीटरची धास्ती वाटतेय. मला अंतराची फारशी वाटत नाही. नीट बसवलेला निरोगी गिनीपिग दहा तास गाडीत बसतो, तासाभराने गवतही खायला लागतो. मला भीती दोनच गोष्टींची आहे: उष्णतेची आणि पोट रिकामं राहण्याची. माझ्याकडे प्रवासानंतर आजारी होऊन येणारे छोटे प्राणी बहुतेक या दोहोंपैकी एका कारणानेच येतात. त्यामुळे पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पोटापासून सुरुवात करते, कारण दुकानदाराचा सल्ला तिथेच घातक ठरतो. प्रवासात ओकारी होऊ नये म्हणून कुत्र्या-मांजरांना निघण्याआधी काही तास खायला देत नाहीत. गिनीपिगला ओकताच येत नाही, त्याच्या शरीरात ती सोय नाही. म्हणजे उपाशी ठेवून मिळवायचं काहीच नाही. उलट त्याचं आतडं सतत आत येणाऱ्या चाऱ्यावर चालतं. चारा थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. या चक्रातून त्याला बाहेर काढणं सोपं नसतं. आम्ही तर ऑपरेशनच्या आधीही गिनीपिगला रात्रभर उपाशी ठेवत नाही. बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, त्याच्या अंगात साठा तो किती असणार? तोही दिवसभर टिपत राहणारा पक्षी आहे. तेव्हा उपास कोणालाच नाही.

झोपेचं औषधही नको. गुंगीत शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, श्वास मंदावतो आणि आतडं आणखी सुस्तावतं. नेमक्या ज्या दोन गोष्टी आपल्याला जपायच्या आहेत, त्याच ते औषध बिघडवतं. शिवाय गुंगीतला पक्षी दांडीवर तोल सांभाळू शकत नाही. एखाद्या प्राण्याला खरंच औषधाची गरज असेल तर ते त्याला तपासलेल्या डॉक्टरने, वजनावर मोजून द्यायचं. दुकानातून पुडी आणायची नाही.

उष्णतेचं गणित सोपं आहे. गिनीपिगला 18 ते 24 अंश मानवतात. 26 च्या पुढे मी सावध होते, आणि 30 च्या वर, त्यातही हवा कोंडलेली असेल तर, जिवावर बेतू शकतं. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरचा पारा 44-45 ला टेकलेला असतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात वीसेक अंशांची भर पडते आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर खाली ठेवल्याने यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. 'आम्ही पटकन जेवून आलो, गाडी झाडाखाली होती' हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. ते सांगणाऱ्यांच्या हातातल्या डब्यातला प्राणी बहुतेक वेळा आधीच निपचित झालेला असतो.

म्हणून एका दमात जाऊ नका, मुक्काम करा. पण बहुतेक लोक करतात तसा संध्याकाळी निघून नाही. पाचला निघालात तर वाघोली-शिक्रापूरच्या गर्दीत तापलेल्या गाडीत तासभर रांगेत उभे राहाल. रात्रभर गाडी चालवणंही मला पटत नाही. समृद्धीच्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागून झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचलेत, आणि गाडीत मुलंही आहेत.

माझं म्हणणं, दोन्ही टप्पे पहाटेचे करा. पहिल्या दिवशी चारला पुणे सोडा, अहिल्यानगरमार्गे नऊच्या आत छत्रपती संभाजीनगरला पोचाल. दिवसभर एसी खोलीत आराम करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला निघून समृद्धीने साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. थांबे धरून दहा-साडेदहापर्यंत नागपूर. ऊन रंगात येण्याआधी तुम्ही घरात असाल. हॉटेलवाल्याला आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: पिंजऱ्यातले प्राणी चालतील का, आणि सकाळी नऊला खोली मिळेल का. दुसऱ्या गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तर मोजा. खोलीत फिनाइलने पुसलेल्या बाथरूमच्या फरशीवर गिनीपिगना मोकळं सोडू नका, चादर अंथरून खोलीतच ठेवा. पक्ष्यांना तर बाहेर काढूच नका. अनोळखी खोली आणि डोक्यावर फिरता पंखा, एवढं पुरे होतं.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गाडीचा एसी कसा आहे? भर दुपारी ट्रॅफिकमध्ये उभी असताना तो मागच्या सीटपर्यंत गार करतो का, हे निघण्याआधी तपासून घ्या. गिनीपिग माद्यांपैकी कोणी गाभण आहे का? दुकानातून आणलेल्या मादीबद्दल ही शंका नेहमी धरावी. शेवटच्या टप्प्यातली गाभण मादी असेल तर हा प्रवास करू नका. कोणी शिंकतंय, कोणाचं वजन उतरतंय, कोणी चार-पाच वर्षांच्या पुढे गेलंय, तर निर्णय बदलू शकतो. आणि एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही: पुण्यात यांना सांभाळणारं जाणकार कोणी असेल तर जूनअखेरपर्यंत इथेच ठेवा आणि पाऊस सुरू झाल्यावर न्या. मुलगी रुसेल. पण गाडीचा एसी भरवशाचा नसेल तर मी हाच पर्याय निवडेन. ट्रॅव्हल्सच्या बसच्या डिकीत खोका टाकून पाठवणारे लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता बसवायचं कसं ते सांगते. गिनीपिगसाठी मांजराचा कडक प्लास्टिकचा कॅरिअर घ्या. घरातला मोठा तारेचा पिंजरा प्रवासात कामाचा नाही, कारण करकचून ब्रेक लागला की प्राणी त्या जाळीवर आपटतो. दोघी एकमेकींच्या सवयीच्या असतील तर एकाच कॅरिअरमध्ये ठेवा, सोबतीने त्या शांत राहतात. खाली वर्तमानपत्र, त्यावर जुना टॉवेल आणि वर भरपूर वाळलेलं गवत. लाकडाच्या वखारीतला भुसा नको, धुळीने नाक-डोळे चुरचुरतात. कॅरिअर आजच घरात त्यांच्या जागेत उघडा ठेवा आणि त्यातच गवत घालायला लागा. दोन-तीन आठवड्यांत ते त्यांचं घर होतं. निघण्याच्या दिवशी टॉवेल धुतलेला नको, त्यांच्या वासाचाच हवा. तुम्हाला तो वास नकोसा होईल, पण तो त्यांच्यासाठी आहे.

जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागची, खालची पायाशी असलेली. तिथे कॅरिअर घट्ट बसतो, हलत नाही. पहाटे पूर्वेकडे जाताना सूर्य जवळजवळ समोरून येतो, त्यामुळे ती जागा सावलीतही राहते. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे नको. डिकीत तर नकोच. पण पायाशी एसीची हवा कशी पोचते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. म्हणून फिश टँकसाठी मिळतो तसा वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, दीड-दोनशे रुपयांत येतो. त्याचं टोक कॅरिअरच्या आत सोडा आणि आकडा मुलीला वाचायला सांगा. डॅशबोर्डवर 22 दिसतंय म्हणून खाली 22 आहे असं समजू नका. झोत थेट अंगावरही नको.

पाण्याची बाटली चालत्या गाडीत टपकत राहते आणि खालचं अंथरूण ओलं होतं. ती काढून ठेवा आणि दर दोन तासांनी थांबाल तेव्हा लावा. मधल्या वेळेत ओलाव्यासाठी काकडीच्या चकत्या आणि ढोबळी मिरचीचे तुकडे द्या. ढोबळी मिरचीने क जीवनसत्त्वही मिळतं, जे गिनीपिगच्या शरीरात आपलं आपण तयार होत नाही, आपल्यासारखंच. काकडी मात्र बेताने, जास्त झाली तर पातळ होतं. आणि हे सगळं गवतासोबत, गवताऐवजी नाही. दूर्वा रोज खात असतील तर एक मोठी जुडी धुऊन, सुकवून बरोबर घ्या. नागपूरला पहिल्याच दिवशी चारा बदलायची वेळ यायला नको.

बजरीगरसाठी छोटा प्रवासी पिंजरा घ्या. त्यात एकच दांडी, तीही खाली. झोपाळा, आरसा, घंटा सगळं काढून टाका. या पिंजऱ्यांचं वर सरकणारं दार हादऱ्याने आपोआप उघडतं, त्याला तार गुंडाळा. राळ्याची दोन-तीन कणसं आत अडकवा. वाटीतले दाणे सांडतात, कणसं जागेवर राहतात आणि टिपण्यात पक्ष्याचं मनही रमतं. तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाका, चौथी उघडी ठेवा. पूर्ण झाकलं तर पक्षी अंधार समजून खायचंच थांबतो. चारला निघाल तेव्हा ते झोपलेले असतील, सहा वाजता उजेड झाला की खायला लागतात का ते बघा.

पक्ष्यांबाबत दुसरी काळजी हवेची. त्यांच्या शरीरात फुप्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात, म्हणून जे आपल्याला नुसता वास वाटतं ते त्यांना विष होऊ शकतं. गाडीतलं परफ्यूम आजच काढून टाका, निघायच्या सकाळी काढून उपयोग नाही. एसीच्या जाळीत मारायचे स्प्रे, सिगारेट, डासांची अगरबत्ती, काही नको. पेट्रोल भरताना काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरणारी ठेवा. हायवेला लागल्यावर अधूनमधून बाहेरची हवा घ्या.

हॅमस्टरचं फार नाही. त्याचा वेगळा, कुरतडता न येणारा डबा, जुन्या घरट्याचं अंथरूण, थोडे दाणे, काकडीचा तुकडा. चाक काढून ठेवा, हलत्या गाडीत पाय अडकतो. पहाटे तो जागा असेल आणि डब्याला दात लावेल, उजाडल्यावर झोपेल. मुलीच्या मांडीवर मात्र द्यायचा नाही. सीटखाली गेलेला हॅमस्टर शोधायला अख्खी सीट उखडावी लागते, हे मी गॅरेजवाल्याकडून ऐकलंय.

थांबाल तेव्हा, पेट्रोल भरतानाची मिनिटं सोडून, इंजिन आणि एसी चालू ठेवा, आणि एक मोठं माणूस आतच राहू द्या. तुम्ही दोघं आहात, आळीपाळीने उतरा. दार उघडण्याआधी सगळे कॅरिअर बंद आहेत ना ते बघा. समृद्धीवर कडेला थांबू नका, पंपावरच थांबा. आणि गाडी बंद पडलीच तर? मला खरी चिंता याचीच वाटते. निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा नीट तपासून घ्या. काँक्रिटच्या तापलेल्या रस्त्यावर टायर फुटणं नवीन नाही, आणि एसीशिवाय मेमधला एक तास फार मोठा असतो. सोबत थर्मोकोलच्या पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या ठेवा. गरज पडली की एक बाटली टॉवेलात गुंडाळून कॅरिअरच्या एका कडेला ठेवायची, म्हणजे गार हवं असेल तर प्राणी जवळ येतो, नको असेल तर दूर जातो. कॅरिअर ओल्या कापडाने पूर्ण गुंडाळू नका, आत वारा पोचत नाही आणि वाफ कोंडते.

उन्हाचा फटका ओळखायचा असा: गिनीपिग आडवा पसरतो, हनुवटी लाळेने ओली होते, श्वास भराभर चालतो. पक्षी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवतो. हॅमस्टर लुळा पडतो. अशा वेळी साधं गार पाणी कानांना आणि पायांना लावा, वारा घाला आणि जवळचा पशुवैद्य गाठा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका. संभाजीनगर आणि नागपूर दोन्हीकडे हे प्राणी बघणारा डॉक्टर कोण, ते आजच फोन करून विचारून ठेवा, कारण सगळेच बघत नाहीत. नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते लक्षात असू द्या.

नव्या घराबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण निम्मं काम तिथेच आहे. घरमालक भाडेकरू येण्याआधी हौसेने पेस्ट कंट्रोल आणि रंगकाम करून ठेवतात. ते कधी झालं ते विचारा, आणि व्हायचं असेल तर तुमच्या येण्याआधी निदान आठवडाभर होऊन, घर खिडक्या उघडून वाहतं राहू द्या. यांची खोली स्वयंपाकघरापासून लांब निवडा. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर तापत राहिला तर त्याचा धूर पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो, गिनीपिगनाही. फक्त त्याच्या झोतात पिंजरा ठेवू नका, बाजूला ठेवा आणि खोलीची एक खिडकी किलकिली ठेवा. पाऊस सुरू झाला की कूलर नुसता दमटपणा करतो, तोवर एसीची सोय बघा. वीज जाते तेव्हा फ्रीझरमधल्या बाटल्या पुन्हा कामाला येतात.

पोचल्यावर पहिले दोन दिवस पाहुण्यांना दाखवू नका, पिंजरा पूर्ण धुऊन काढू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर गिनीपिगचं वजन निघण्याआधी आठवडाभर रोज लिहून ठेवा आणि पोचल्यावरही रोज करा. हे शिकार होणारे प्राणी आहेत, दुखणं लपवतात. खरं काय ते काटा आणि लेंड्या सांगतात. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्या तर सावध व्हा. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्याच नाहीत, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तरीही न्या.

तिथल्या नव्या डॉक्टरला, तो कितीही अनुभवी असो, एवढं आवर्जून सांगा की गिनीपिगला अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांतलं काही तोंडावाटे नको. कुत्र्याला सहज देतात ती ही औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्याने जीव जातो. हॅमस्टरलाही तेच लागू आहे. मी माझ्या पेशंटच्या फाईलवर हे लाल शाईने लिहून देते. तुमच्या डॉक्टरांकडूनही तसं लिहून घ्या आणि तो कागद कॅरिअरच्या झाकणाला चिकटवून ठेवा.